गिटारीचा विटाळ

आमच्या सुशिक्षित समाजातले जुने सोवळे बरेच ओसरले, ही समाधानाची गोष्ट होय. कोणी कोणाच्या हातचे पाणी प्याले म्हणून आता, निदान उघडपणे तरी, कोणाच्या घरात खळबळ उडत नाही. परंतु सोवळे ही वस्तू मोठी चिवट. स्वयंपाकघरातून तिला बाहेर घालवावे तर ती माजघरात जाऊन बसते, तेथून हुसकावावी तर देव्हाऱ्यामागे दडते. अलीकडे तिने आमच्या कानांत ठाण दिले आहे, असे आम्हांस वाटू लागले आहे.

घरातला मुलगा किंवा मुलगी शनिवारी सांगते की, आज रात्री आपण अमुक बँड ऐकायला जाणार. हा बँड कबीराचे पद विजेच्या गिटारीवर गातो, किंवा तुकोबांचा अभंग ड्रमच्या ठेक्यावर म्हणतो. तोच बँड, तीच गाणी, गेल्या वर्षीही ऐकलेली आणि त्याच्या आदल्या वर्षीही. तेथे खुर्च्या नाहीत. दोन-तीन तास उभे राहायचे, गाणाऱ्याबरोबर मोठ्याने गायचे, नाचायचे आणि बसलेला घसा घेऊन घरी यायचे. हे ऐकताच घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या उमटतात. मग निवाडा होतो. परकी वाद्ये लावून ह्यांनी लोकगीते बाटविली, हे एक कलम. तेच तेच पुन्हा ऐकण्यात कसली रसिकता, हे दुसरे. आणि गाणे ऐकायचे सोडून स्वतःच ओरडायचे हा शुद्ध धिंगाणा, हे तिसरे. आरोपीस बाजू मांडू देण्याची पद्धत ह्या न्यायालयात नाही. म्हणून ते वकीलपत्र आम्ही आपण होऊन घेत आहो.

प्रथम आरोपी कोण ते पाहू. दिल्लीचा ‘इंडियन ओशन’ हा संच १९९० साली निघाला. सुस्मित सेन यांची गिटार आणि असीम चक्रवर्ती यांचा तबला व गळा यांतून तो उभा राहिला. ‘कंदिसा’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका २००० साली आली. तीत केरळातील सिरियन ख्रिस्ती लोकांचे एक प्राचीन प्रार्थनागीत आहे आणि नर्मदाकाठचे ‘मा रेवा’ हे पारंपरिक गीतही आहे. त्या संचातले राहुल राम हे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेले गृहस्थ. नर्मदा बचाव आंदोलनात त्यांनी काम केले होते, आणि नर्मदाकाठचे गीत शहरातल्या व्यासपीठावर आले त्याच्यामागे तो संबंध आहे. २००९ च्या डिसेंबरात असीम चक्रवर्ती निवर्तले, २०१३ मध्ये सुस्मित सेन बाहेर पडले. तरी संच चालू राहिला. ज्यांनी विद्यार्थिदशेत त्यांना प्रथम ऐकले ते आज आपल्या मुलांना बोट धरून नेतात. आमच्या मराठीत मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ हा संच ह्याच वाटेने निघाला आहे. वयाने तो लहान आहे. पण संतांचे अभंग जमावाकडून म्हणवून घेण्याचे त्याचे कसब लहान नाही.

आता कलम पहिले. ज्यांना गिटारीचा विटाळ होतो त्यांनी कृपा करून आपल्या घरातली पेटी एकदा उघडून पाहावी. हे वाद्य एकोणिसाव्या शतकात फ्रान्सात जन्मले. मांडी घालून एका हाताने भाता हलवीत वाजविता येईल असे त्याचे रूप कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास तयार केले. पुढे ती पेटी आमच्या संगीत नाटकात शिरली आणि भजनात तर अशी मुरली की, पेटीवाचून भजन म्हणजे मिठावाचून आमटी. १९११ च्या ‘मानापमाना’स चाली देणारे गोविंदराव टेंबे हे पेटीवादनातले केवढे थोर नाव! तरी ह्याच पेटीला १९४० साली ऑल इंडिया रेडिओने दाराबाहेर काढले. ही परदेशी वस्तू आमच्या श्रुती बिघडविते, असे तज्ज्ञांचे मत पडले, आणि सुमारे तीस वर्षे तिला आकाशवाणीवर मज्जाव राहिला. ह्या तीस वर्षांत गावोगावच्या देवळांतली पेटी बंद पडली काय? तिला ह्या बहिष्काराची गंधवार्ताही नव्हती. काकडआरती चालू होती, हरिनाम सप्ताह चालू होते आणि पेटी वाजत होती. शेवटी १९७१ साली तज्ज्ञांनाच दार किलकिले करावे लागले.

कोकणातल्या कोळी-आगरी हळदीत जो ‘बेंजो’ रात्रभर गाजतो त्याचे कूळ शोधाल तर ते जपानच्या नागोया शहरी सापडते. गोरो मोरिता नावाच्या गृहस्थाने १९१२ साली काढलेले ते वाद्य. आमच्याकडे येऊन ते बुलबुलतरंग झाले, आणि आज ‘बेंजो पार्टी’शिवाय हळद लागल्यासारखी वाटत नाही. सनईचे तर नावदेखील फारशी वळणाचे. तेव्हा वाद्याची जात पाहून गाणे पंक्तीला घ्यावयाचे ठरविले, तर लग्नाचा मांडव मुका होईल आणि देऊळही.

राहिली वीज. विजेचे वाद्य लोकगीताला शोभत नाही, असे एक सूक्ष्म मत आहे. ह्या मताच्या लोकांनी खालापूर तालुक्यात खोपोलीस जावे. घाटमाथ्यावरचे पाणी नळांतून खाली सोडून टाटांच्या कंपनीने तेथे १९१५ साली वीज उत्पन्न केली आणि ती तारांनी मुंबईच्या गिरण्यांस पुरविली. त्या गिरण्यांवर राबायला कोकणातून आणि घाटावरून माणसे गेली, चाळींतून राहिली, आणि रात्री खोलीत भजन मांडून बसली. त्याच वस्तीतून अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ साली उभे राहिले. दिवसा विजेवर माग चालवायचा आणि रात्री ढोलकीवर गायचे, असे ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या गाण्याला विजेचा विटाळ झाला नाही. तो नेमका पंखा लावून दिवाणखान्यात बसणाऱ्याला होतो, ही मोठी मौज आहे.

हे सोवळे केवळ आमच्याकडचेच आहे असेही नव्हे. १९६५ च्या जुलैत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा श्रोत्यांतल्या काहींनी त्याची हुर्यो केली. पुढच्या वर्षी मँचेस्टरमध्ये तर एकाने त्याला उद्देशून ‘जूडस’ अशी आरोळी ठोकली. ख्रिस्ताला दगा देणाऱ्या शिष्याचे ते नाव! लोकगीत म्हणजे जणू एखादा धर्मग्रंथ, आणि लाकडी गिटार म्हणजे त्याचे सोवळ्यातले वेष्टन. ती आरोळी आज कोणास पटत असेल असे आम्हांस वाटत नाही. डिलनला २०१६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि हुर्यो करणाऱ्यांची गणना एका गमतीदार आख्यायिकेत झाली. आमच्या आक्षेपकांनी ह्या आख्यायिकेत आपली जागा आताच राखून ठेवू नये, एवढीच आमची विनंती.

दुसरे कलम पुनरुक्तीचे. तीच गाणी पंचवीस वर्षे ऐकावयाची, ही कसली अभिरुची? हा प्रश्न करणाऱ्याच्या आजोबांस आम्ही साक्षीस बोलावतो. बालगंधर्वांची नाटके आमच्या आजोबांच्या पिढीने किती वेळा पाहिली ह्याचा हिशेब त्यांनी स्वतःही ठेवला नव्हता. कथानक पाठ, पदे पाठ. कोठे कोणती तान यावयाची हेही पाठ. एवढे असून ‘वन्स मोअर’ची मागणी होई, आणि तेच पद लागोपाठ दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ऐकून मंडळी तृप्त होत. ह्यास आम्ही रसिकता म्हणतो आणि तिच्या आठवणी सांगताना आमचा गळा दाटून येतो. नातवाने तेच केले की ते वेड! वारकरी हरिपाठ रोज म्हणतो. कालचाच हरिपाठ आज पुन्हा का म्हणता, असे त्याला विचारण्याचे धाडस आजवर कोणास झालेले नाही.

वस्तुतः पुनरुक्ती हा लोकसंगीताचा प्राण आहे. एखादे गीत आपण प्रथम ऐकतो तेव्हा ते गाणाऱ्याचे असते. दहाव्या वेळी ते आपले होते. तीस वर्षांनी त्यात आपले वय मिसळते, ज्यांच्याबरोबर पूर्वी ऐकले त्या माणसांची आठवण मिसळते, आणि जो गायक आता व्यासपीठावर नाही त्याची रिकामी जागाही मिसळते. असीम चक्रवर्तींच्या पश्चात ‘कंदिसा’ ऐकणाऱ्या जुन्या श्रोत्यास हे निराळे सांगावयास नको. नवे गाणे ही चैनीची वस्तू आहे. जुने गाणे ही आप्तेष्टांतली वस्तू आहे. आप्ताला भेटावयास गेलेल्या माणसास कोणी असे विचारीत नाही की, ह्याला तर तुम्ही मागल्या वर्षीच भेटला होता ना?

तिसरे कलम सर्वांत गंभीर, कारण त्यात आक्षेपकांचा खरा गैरसमज दडला आहे. हात मांडीवर ठेवून, ओठ मिटून, मानेने समेवर दाद द्यावी, ह्यालाच ते श्रवण समजतात. बैठकीच्या गाण्याला हा शिष्टाचार योग्यच आहे. पण तो दरबाराने आणि पुढे तिकिटाच्या सभागृहाने घडविलेला शिष्टाचार आहे. तो सर्व संगीताचा धर्म नव्हे. कीर्तनात टाळकऱ्यांनी तोंडे मिटून घेतली तर बुवांनी काय करावे? पोवाड्यात झीलकऱ्यांनी सूर धरला नाही तर शाहिराचा दम कोणी सांभाळावा? दिंडीत पावली खेळणारा वारकरी श्रोता म्हणावा की गायक म्हणावा की नर्तक? लोकसंगीतात गाणारा आणि ऐकणारा ह्यांच्यामध्ये कुंपणच नसते. गाणारा पहिली ओळ टाकतो ती कोणीतरी उचलावी म्हणूनच. ती उचलली गेली नाही तर गाणे अर्धे राहते.

तेव्हा लोकसंगीतातले ‘लोक’ कोठे असतात, ह्या प्रश्नाचे आमचे उत्तर आम्ही येथे स्पष्टच देतो. ते चालीच्या जुनेपणात नसतात, वाद्याच्या कुळात नसतात, गायकाच्या पोशाखात तर नाहीतच नाहीत. ते श्रोत्याच्या कंठात असतात. सहस्र वर्षांची चाल, पण जमाव मुका. ते लोकसंगीत नव्हे, तो संग्रहालयातला देखावा होय. आणि कालची गिटार, पण हजार कंठ एकत्र लागले. तर ते लोकसंगीत होय, मग कोणाला आवडो वा न आवडो. ज्या मुलाचा घसा बसला म्हणून आपण त्याला हसतो, त्याने नकळत आपल्या पणजोबांची परंपरा चालविली आहे. ती मध्ये तुटली असेल तर ती तुमच्या-आमच्या पिढीत तुटली.

येथवर आम्ही त्या तरुण रसिकांचे वकीलपत्र चालविले. पण वकिलाने आपल्या अशिलास चार गोष्टी खाजगीत सुनावाव्या लागतात, त्या आम्ही उघडच सुनावितो. जो नियम वडिलांस लावला तोच तुम्हांस लागू आहे. गाणे चालू असता कंठाऐवजी हात वर करून मोबाईलच्या काचेतून सारा कार्यक्रम पाहणारा तरुण आणि खुर्चीत ओठ मिटून बसलेला त्याचा काका, ह्यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाही. दोघेही मुकेच. त्यातून काका निदान ऐकत तरी असतो. आणि दुसरी गोष्ट ह्याहून मोठी आहे. कंठ हीच लोकसंगीताची कसोटी ठरली, तर ज्या भूमीवर तुम्ही गाता त्या भूमीवरच्या माणसांच्या कंठाचे काय, हा प्रश्न तुम्हांस चुकविता येणार नाही. त्यासाठी कर्जत आणि खालापूर ह्या दोन तालुक्यांकडे वळले पाहिजे.

बोरघाटाच्या पायथ्याचा हा मुलूख. उल्हास आणि पाताळगंगा ह्या दोन नद्यांचा. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हापासून हा प्रदेश मुंबई-पुण्यातल्या लोकांनी येता-जाता खिडकीतून पाहिलेला आहे. उतरून पाहिलेला थोडा. आज मात्र मुंबई-पुण्याची माणसे शनिवार-रविवारी येथे मुक्कामास उतरतात. भाताच्या खाचरांत फार्महाऊस उठली, ओढ्याच्या काठी रिसॉर्टे झाली. तेथे लग्ने होतात, वाढदिवस होतात, संगीताच्या रात्री होतात. मुंबई-पुण्याचा हा रसिकवर्ग ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ लोकसंगीत ऐकू इच्छितो, ह्यात वावगे काही नाही. वावगे पुढेच आहे.

ह्याच डोंगरांच्या कुशीत ठाकर आणि कातकरी ह्यांच्या वाड्या आहेत. लक्ष्मण नारायण चापेकर यांनी ‘ठाकूर्स ऑफ द सह्याद्री’ हा इंग्रजी ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध केला. ह्या समाजाचा इतका बारकाईचा अभ्यास आमच्याच एका मराठी विद्वानाने करून ठेवला आहे. ढोल आणि ढोलाभोवती फेर धरून होणारा नाच ही ठाकरांची कला. आमच्या मध्यमवर्गीय घरांना तिची ओळख झाली ती १९७७ च्या ‘जैत रे जैत’ ह्या चित्रपटातून. गो. नी. दांडेकरांची कथा, ना. धों. महानोरांची गीते, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत. त्या गीतांवर आमच्या दोन पिढ्या पोसल्या. सहलीच्या बसमध्ये आणि गृहसंकुलाच्या गणेशोत्सवात ती आजही म्हटली जातात. पण ज्यांच्या ढोलाची आठवण म्हणून ती गीते झाली, त्यांचा खरा ढोल ती गाणाऱ्या किती जणांनी ऐकला आहे? पुण्याहून मुंबईस जाताना द्रुतगती मार्गावर खालापूरचा टोलनाका प्रत्येकाला ठाऊक. त्या प्रदेशात इर्शाळगड आहे हे काही गिरिप्रेमींस ठाऊक. त्या गडाच्या अंगावर एक ठाकरवाडी नांदत होती हे नाव मात्र महाराष्ट्राच्या तोंडी बसले ते २०२३ च्या १९ जुलैच्या रात्री, दरड कोसळून ती वाडी गाडली गेली तेव्हा. सत्तावीस प्रेते हाती लागली. ढिगाऱ्याखाली राहिलेल्यांची संख्या त्याहून मोठी. चार दिवसांनी शोध थांबविण्यात आला. त्या ढिगाऱ्याखाली माणसांबरोबर किती गाणी गेली हे कोणी मोजले नाही. मोजणार तरी कसे? ती गाणी ज्यांच्या कंठात होती तेच गेले, आणि आम्ही ती ऐकायला कधी वर चढलोच नव्हतो.

ह्या पार्श्वभूमीवर एखाद्या रिसॉर्टातला संगीताचा शनिवार डोळ्यांसमोर आणावा. व्यासपीठ उभारायला बांबू उचलणारी मुले शेजारच्या वाडीतली. गाड्या लावून घेणारा, पाण्याचे पेले फिरविणारा, पहाटे कचरा गोळा करणाऱ्या बाया, सारे तेथलेच. काही ठिकाणी पाहुण्यांच्या स्वागतास दहा मिनिटे ‘आदिवासी नृत्य’ही ठेवलेले असते. दाराशी ढोल वाजतो, पाहुणे त्याचे छायाचित्र घेतात आणि आत जातात. मग आत डोंगरदऱ्यांतल्या माणसाच्या वेदनेचे आणि नदीच्या मायेचे गीत गिटारीवर सुरू होते, जमाव भारावतो. आणि ज्याच्या नदीचे आणि ज्याच्या डोंगराचे ते गीत, तो कुंपणाबाहेर उभा राहून ऐकतो. वाचकहो, विटाळच शोधायचा असेल तर तो ह्या कुंपणात शोधा. गिटारीच्या तारेत तो नाही, ह्या काटेरी तारेत आहे.

येथे कोणी म्हणेल की कायदा काय म्हणतो ते पाहा. कायदा असे म्हणतो की पारंपरिक गीताला मालक नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ज्याचा कर्ता ज्ञात आहे त्याचा हक्क आहे. १९९४ च्या दुरुस्तीने जो सादर करतो त्यालाही आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला. पण जे गीत एका वाडीने शे-दीडशे वर्षे सांभाळले त्या वाडीला काही मिळावे अशी तजवीज त्यात नाही. म्हणजे हा प्रश्न कायद्याने सुटलेला नाही, तो सभ्यतेवर सोपविलेला आहे. आणि सभ्यतेवर सोपविलेले ऋण बुडविणे हे कायद्याचे ऋण बुडविण्याहून अधिक लाजिरवाणे असते.

हे असेच असावे लागते असेही नाही. इंग्लंडात ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ नावाचा लोकरॉक संच १९६७ साली निघाला. इंग्लंड-स्कॉटलंडची जुनी कथागीते त्याने १९६९ साली विजेच्या वाद्यांवर आणली आणि त्या देशातले सोवळेकरी आमच्यासारखेच दुखावले. १९७९ च्या ऑगस्टात ऑक्सफर्डशायरमधल्या क्रॉप्रेडी ह्या लहानशा खेड्यात त्यांनी निरोपाचा कार्यक्रम केला. पण श्रोत्यांनी निरोप घेऊ दिला नाही. पुढच्या वर्षापासून त्याच खेड्यात दरवर्षी मेळा भरू लागला, तो महामारीची दोन वर्षे वगळता आजवर चालू आहे. संचातली माणसे बदलली, आरंभीच्या मंडळींपैकी एखादाच उरला; पण काही शे वस्तीच्या त्या खेड्यात हजारो माणसे जमतात आणि अखेरीस ठरलेले एक गीत सारे मिळून म्हणतात. त्याहून आम्हांस महत्त्वाचे हे वाटते की, मेळ्याच्या दिवसांत गावकरी मंडळी पाहुण्यांना न्याहारी विकतात आणि तो पैसा गावच्या संस्थांकडे जातो. गाव त्या मेळ्याचे यजमान आहे. मेळ्याने भाड्याने घेतलेली जागा नव्हे. आमच्या जत्रेत तरी दुसरे काय असते? खालापूर तालुक्यातच महडचा वरदविनायक आहे. माघी गणेशोत्सवाला तेथे जो येतो तो गावाचा पाहुणा असतो, जागेचा भाडेकरू नसतो. जत्रेची ही विद्या आम्ही इंग्लंडकडून शिकावयाची नाही. फक्त विसरलेली आठवावयाची आहे.

म्हणून आमचे म्हणणे तिन्ही पक्षांस थोडक्यात असे.

जे संच कर्जत-खालापुरात गावयास येतात, त्यांनी व्यासपीठाचा पहिला तास तेथल्या गाणाऱ्या-नाचणाऱ्यांस द्यावा. दारातल्या स्वागताचा नव्हे, व्यासपीठावरचा तास. तोच ध्वनिवर्धक, तोच उजेड, नावानिशी ओळख आणि स्वतःला मिळते तशी रोख बिदागी. गावातल्या भजनी मंडळाचा पखवाजवाला एखाद्या गीताला साथ करील तर त्या संचाचे काही कमी होणार नाही. झालाच तर ठेका सुधारेल. आणि शेजारच्या वाडीतल्या माणसास तिकिटावाचून आत येऊ द्यावे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही, सरकारने वर्षातून मोजके दिवस सवलत दिली तरच बारापर्यंत. हा नियम मोडून पहाटेपर्यंत जो दणदणाट काही फार्महाऊसांतून चालतो त्याचा आमच्या अशिलांशी संबंध नाही. त्या डीजेच्या गोंगाटात कोणाचाच कंठ लागत नाही, आणि शेजारच्या झोपडीतल्या तान्ह्या मुलाची झोप मात्र मोडते. खऱ्या रसिकाने त्याची तरफदारी करू नये. दोहोंची गल्लत झाली म्हणूनच चांगले संचही बदनाम होतात.

तरुण रसिकांना एवढेच सांगणे की, गाणे तुम्हांस इतके प्रिय आहे तर त्याच्या उगमापर्यंत जा. शनिवारी कार्यक्रम ऐकलात, तर रविवारी परतीची घाई न करता एखाद्या गावातल्या सप्ताहात पाऊल ठेवा. वाडीवर गेलात तर छायाचित्र काढण्यापूर्वी नाव विचारा. तुम्हांस सहगान येते. ते यावे हीच लोकसंगीताची खरी पात्रता, आणि ती आमच्यातल्या कित्येक विद्वानांजवळ नाही.

आणि वडीलधाऱ्यांस काय सांगावे? त्यांनी एकदा मुलांबरोबर जावे. कानांतले सोवळे घरी खुंटीवर ठेवून जावे. गर्दीत उभे राहताना पाय दुखतील, पहिली दोन गाणी आवाजच सोसवणार नाही, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. परंतु तिसऱ्या-चौथ्या गाण्यास केव्हातरी एखादा ओळखीचा अभंग लागेल, भोवतालची मुले तो आपल्याहून शुद्ध म्हणत असल्याचे ध्यानी येईल, आणि आजवर बंद ठेवलेले आपले ओठ हलू लागतील. लोकगीते बाटली की नाही ह्याचा निवाडा तेव्हा करावा. आणि करताना आपल्या शेजारी वाडीतला कोणी माणूस उभा आहे की नाही, हेही मान वळवून पाहावे. तो तेथे नसेल, तर आमच्या गाण्यात अजून काय उणे आहे ते गिटारवाल्यास विचारावे लागणार नाही.